काट्यावरची नानकटाई

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत बेकरीच्या भट्टीपुढे घरचे डबे येऊन पडू लागतात. कुणाची परात फडक्याने झाकलेली असते, कुणाच्या पिशवीत मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालड्याचा पुडा वेगवेगळा. पैनगंगेकाठचं मेहकर याला अपवाद नाही. बालाजीच्या देवळासाठी ओळखलं जाणारं हे बुलडाणा जिल्ह्यातलं गाव. इथल्या घरांत ओव्हन आता आता दिसू लागले. पण 'बिस्किटं भाजून आणायची' ही पद्धत त्याआधीची आहे. माल घरचा, भट्टी बेकरीची, भाजणावळ किलोवर. लोखंडी पत्र्यांवर गोळे मांडायचे, पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी ठेवायची, आपला नंबर येईपर्यंत गप्पा मारायच्या आणि संध्याकाळी वेलदोड्याच्या वासाचा गरम डबा घेऊन घर गाठायचं.

मग चार दिवस येईल त्याच्या पुढे ताटली. "घ्या नं भाऊ, घरचंच तं हाये!"

या 'घरचंच'मध्ये बरंच काही गृहीत धरलेलं असतं. भेसळ नाही, तेल जुनं नाही, हात स्वच्छ आहेत, हे सगळं खरं. पण त्याच्या मागोमाग आणखी एक समजूत गुपचूप आत शिरते, की घरचं म्हणजे अंगाला लागणार नाही. तळलेलं नाही, भाजलेलंच आहे, म्हणजे हलकंच. ही समजूत किती खरी, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला छोटा काटा, एक कागद आणि चौथीतला गुणाकार-भागाकार पुरतो.

आधी कॅलरी म्हणजे काय ते थोडक्यात. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते ती एक कॅलरी. हे माप फारच बारीक, म्हणून आहारात हजार कॅलरींचं एक असं मोजतात. पाकिटावर किंवा डॉक्टरांच्या तोंडी जी 'कॅलरी' असते ती मुळात किलोकॅलरी. अन्नातली ही ऊर्जा पद्धतशीर मोजली ती अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउन गावी, १८९०च्या दशकात. विल्बर अ‍ॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने एक बंद खोली उभारली. तिच्यात माणसाला दिवसचे दिवस ठेवायचं, तो काय खातो, किती हालचाल करतो, त्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते, सगळं टिपायचं. शेकडो पदार्थ जाळून त्यांची उष्णता मोजायची आणि न पचता बाहेर पडणारा भाग वजा करायचा. एवढ्या खटाटोपातून जे हाती आलं ते आज शाळेच्या पुस्तकात आहे: पिष्ट आणि साखर एका ग्रॅमला ४, प्रथिनं ४, स्निग्ध पदार्थ ९.

भारतातलं काम सुरू झालं ते निलगिरीतल्या कुन्नूरला. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी तिथे १९१८ मध्ये लहानशा जागेत बेरीबेरीचा शोध घ्यायला सुरुवात केली. त्या कामाची पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली. तिचे संचालक एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. या संस्थेचं २०१७ सालचं कोष्टक ५२८ खाद्यपदार्थांचं आहे आणि त्यासाठी नमुने देशभरातून गोळा केले होते. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायची. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये छापली आहे. ४.१८४ने भागलं की आपल्या ओळखीचा आकडा मिळतो. मैद्यापुढे १४७२ दिसतं, म्हणजे १०० ग्रॅमला ३५२ कॅलरी. गव्हाच्या कणकेपुढे १३४०, म्हणजे ३२०. ज्वारी ३३४.

घरगुती हिशेबाला इतका काटेकोरपणा लागत नाही. मैदा, रवा, बेसन, कणीक, ज्वारी, सगळ्या पिठांना १०० ग्रॅममागे ३५० धरावेत. साखरेला ४००. तूप, डालडा, तेल यांना ९००. हे तीन आकडे पाठ झाले की दिवाळीचा अर्धा फराळ हाताशी आला.

आता परात समोर घेऊ. नानकटाईचं प्रमाण घरागणिक बदलतं. पण एक किलो पिठाला सहाशे ग्रॅम साखर आणि सहाशे ग्रॅम तूप किंवा डालडा हे प्रमाण कुणाला परकं वाटणार नाही. पिठाचा एक किलो म्हणजे सातशे ग्रॅम मैदा, दीडशे रवा, दीडशे बेसन. पिठांचे ३,५०० झाले. साखरेचे २,४००. तुपाचे ५,४००. वेलदोडा, जायफळ, चिमूटभर सोडा यांचं काही धरायचं नाही. एकूण ११,३००.

कच्च्या गोळ्याचं वजन भरलं २,२०० ग्रॅम. बावीस-बावीस ग्रॅमचे शंभर गोळे पाडले, तर एका नानकटाईत ११३ कॅलरी आल्या.

इथे बहुतेकांचा एक प्रश्न असतो: भट्टीत जाऊन आल्यावर काहीच कमी होत नाही का? वजन कमी होतं. पिठात मुळातच शेकडा दहा-बारा भाग ओलावा असतो, त्यातला बराचसा उडून जातो आणि २,२०० ग्रॅमचे साधारण २,१०० उरतात. उडतं ते पाणी, आणि पाण्यात कॅलरी नसतात. मेहकरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. सोयाबीन बाजार समितीत नेलं की आधी ओलावा बघतात. हमीभावाच्या खरेदीत वर्षानुवर्षं बारा टक्क्यांची अट होती, ती २०२४च्या हंगामात पंधरावर नेली. पोतं ओलं असलं की काट्यावर जास्त भरतं, पण त्यात दाणा वाढलेला नसतो. नानकटाईचं तेच, फक्त उलट्या दिशेने. भट्टीतून आल्यावर ती हाताला हलकी लागते आणि तिच्यातला 'दाणा' जागच्या जागी असतो. म्हणून १०० ग्रॅममागचा आकडा भाजल्यावर वाढतो: कच्च्या गोळ्यात ५१४, भाजलेल्या नानकटाईत ५३८.

चहाबरोबरची खारी आणि टोस्ट हीच फसवणूक रोज करतात. टोस्ट म्हणजे पाणी काढून घेतलेला पाव. खारी तर मैदा आणि वनस्पती तुपाच्या घड्या घालून, मधे हवा भरून फुगवलेली. हातात घेतली तर कागदासारखी, म्हणून माणूस दोनच्या जागी चार उचलतो. आजारातून उठलेल्याला 'काही जड नको, खारी दे' असं सांगणारी घरं अजून आहेत.

परत नानकटाईकडे. ११३मधले ५४ तुपाचे आहेत, २४ साखरेचे, ३५ पिठाचे. वजनात तूप जेमतेम चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त, कॅलरीत मात्र जवळजवळ निम्मं. एका नानकटाईत सहा ग्रॅम तूप आणि सहा ग्रॅम साखर, हा हिशेब बोटांवर ठेवण्यासारखा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटात तेल-तुपाला २७ ग्रॅमची जागा दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर तेवढ्याच आहारात ५० ग्रॅमच्या आत हवी आणि जमल्यास २५च्या आत. पाहुण्यापुढे ठेवलेल्या ताटलीत चार नानकटाया असतात. चोवीस ग्रॅम तूप, चोवीस ग्रॅम साखर. दिवसभराचा कोटा चहा थंड होण्याच्या आत संपला, आणि अजून भाजीला फोडणी पडायची आहे.

भाकरीशी तुलना केली तर आणखी लख्ख दिसतं. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे सुमारे २०० कॅलरी. दोन नानकटाया तिच्या वर जातात. एका भाकरीने पोटाला आधार होतो. दोन नानकटायांनंतर हात तिसरीकडे जातो.

आता सुधारणेच्या वाटा. या बाबतीत घराघरांत बरीच हौस असते आणि त्यातली निम्मी हौस भलत्याच दिशेला जाते. पहिली वाट मैद्याऐवजी कणीक घालायची. चांगली गोष्ट आहे, कणकेत चोथा कितीतरी जास्त, पोटाला बरी. पण कॅलरींचं काय? सातशे ग्रॅम मैद्याच्या जागी सातशे ग्रॅम कणीक घातली, तर कोष्टकातल्या नेमक्या आकड्यांनीही पूर्ण घाण्यात सव्वादोनशेच्या आसपास वाचतात. शंभर नगांत वाटले की नगामागे दोन. दुसरी वाट साखरेऐवजी गुळाची. गूळ १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ३८०. नगामागे एक ते तीनची बचत, आणि गुळाची नानकटाई 'पौष्टिक' म्हणून एक जास्त खाल्ली गेली तर ११०चा तोटा. तिसरी वाट डालड्याऐवजी साजूक तुपाची. कॅलरी तेवढ्याच, ९च्या ९.

मात्र डालडा आणि तूप यांना एका पारड्यात टाकून पुढे जाता येणार नाही. डालडा बाजारात आला १९३७ मध्ये, आणि स्वस्त, टिकाऊ, थंडीत घट्ट राहणारा म्हणून बेकरीने त्याला उचलून धरलं. तेलात हायड्रोजन मिसळून ते गोठवताना ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला घातक. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातली त्याची मर्यादा जानेवारी २०२१ पासून तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के केली. म्हणजे आजचा पुडा वीस वर्षांपूर्वीच्या पुड्यापेक्षा पुष्कळ बरा. तरी कॅलरीचा आकडा सगळं सांगत नाही, हे इथे दिसतं. दोन पदार्थांचा आकडा सारखा असतो आणि रक्तवाहिन्यांना दोन्ही सारखे नसतात.

खरी बचत तुपात आहे. घाण्यातून शंभर ग्रॅम तूप कमी केलं की नगामागे ९ कॅलरी जातात. कणीक आणि गूळ मिळूनही तेवढं होत नाही. पण इथे परातीतलं शास्त्र आडवं येतं. नानकटाईचा जीव तूप-साखर फेसण्यात असतो. तूप परातीत घेऊन तळहाताने एकाच दिशेने फिरवायचं, पिठीसाखर थोडी थोडी घालत राहायची. पिवळट तूप आधी पांढुरकं होतं, मग मऊ, मग लोण्यासारखं फुगतं. झालं की नाही हे बघायची जुनी खूण म्हणजे त्यातला एक ठिपका वाटीभर पाण्यात टाकायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर अजून हात चालवायचा. तरंगतो तो आत शिरलेल्या हवेमुळे. पुढे हेच तूप पिठाच्या कणाकणाला लपेटतं आणि त्याची चिवट जाळी बनू देत नाही. म्हणून नानकटाई तोंडात विरघळते. तूप फार कमी केलं की दाताखाली येतो तो खडा, आणि दुधाने नरम करायला जावं तर भट्टीतून पाव आणि बिस्कीट यांच्या मधलं काहीतरी निघतं. पाच-दहा टक्के तूप कमी करून पदार्थ टिकतो. त्यापुढे लहान गोळे करणं हाच शहाणपणाचा मार्ग. बावीस ग्रॅमऐवजी पंधरा ग्रॅमचा गोळा केला की चव तीच, तोंडात विरघळणं तेच, आणि कॅलरी ७७. बेकरीवाला थोडी कुरकुर करील, कारण बारीक गोळे पत्र्यावर लवकर लाल होतात आणि त्याला लक्ष ठेवावं लागतं.

हा सगळा हिशेब वजनावर उभा आहे, आणि आपलं स्वयंपाकघर चालतं वाटीवर. गोंधळ इथे होतो. दीडशे मिलिलिटरची साधी स्टीलची वाटी घ्या. सैलसर भरलेला मैदा तीत सुमारे ऐंशी ग्रॅम बसतो, म्हणजे २८० कॅलरी. तीच वाटी दाबून भरली तर शंभर ग्रॅमच्या घरात जाते. दाणेदार साखर सव्वाशे ग्रॅम, ५०० कॅलरी; पिठीसाखर मात्र ऐंशीच ग्रॅम, ३२०. पातळ केलेलं तूप एकशे पस्तीस ग्रॅम, १,२०० कॅलरींच्या वर. 'दोन वाट्या मैदा, एक वाटी साखर, एक वाटी तूप' ही ओळ प्रत्येक वहीत सापडते. साखर दळून मोजली की मोजून दळली, तूप थिजलेलं होतं की पातळ, वाटी सपाट की शिगोशीग, यावर त्याच ओळीतून शेकडो कॅलरींचा फरक पडतो. बेकरीच्या भट्टीवरच्या बायका या बाबतीत घरच्या ओव्हनवाल्यांपेक्षा पुढे आहेत. त्यांचं सगळं किलोत आणि पावात चालतं, दुकानातून तोलूनच आलेलं असतं.

तेलाच्या बाबतीत मिलिलिटर आणि ग्रॅम एक धरले जातात, तेही चुकीचं. तेल पाण्याहून हलकं. शंभर मिलिलिटर तेल म्हणजे ब्याण्णव ग्रॅमच्या आसपास आणि ८३० कॅलरी.

कुकरमधला केक हे घरगुती बेकिंगचं दुसरं मोठं प्रकरण. शिट्टी आणि रिंग काढलेला कुकर, तळाशी मिठाचा किंवा वाळूचा थर, त्यावर जाळी, जाळीवर केकचं भांडं. ओव्हन नसलेल्या घरांनी हा तोडगा कधीच काढला होता. २०२०च्या टाळेबंदीत तो घरोघर पोचला. बिनअंड्याच्या साध्या केकचा हिशेब असा लागतो: दोनशे ग्रॅम मैदा ७००, दोनशे ग्रॅम साखर ८००, शंभर मिलिलिटर तेल ८३०, दोनशे ग्रॅम दही १२०, शंभर मिलिलिटर गाईचं दूध ७० धरून एकूण २,५२०. तयार केक सातशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे १०० ग्रॅमला ३६०. नानकटाईच्या ५३८पुढे हा आकडा सौम्य वाटतो, कारण केकमध्ये दही-दुधाचं पाणी बरंच शिल्लक असतं. पण केक कुणी ग्रॅमवर खात नाही, फोडींवर खातो. दहा फोडी केल्या तर एक फोड २५२ची, दोन नानकटायांहून जड. त्यावर शंभर ग्रॅम लोणी आणि दोनशे ग्रॅम पिठीसाखरेचं आयसिंग फासलं की आणखी १,५०० चढतात आणि तीच फोड चारशेवर जाते. वाढदिवसाला लेकराच्या गालाला फासलं जाणारं आयसिंग या हिशेबात वजा करायला हरकत नाही.

टाळेबंदीतल्या बिस्किट-केकबद्दलही एक शब्द. चुरलेली बिस्किटं, दूध आणि पोटात वायू झाल्यावर घेतात ते फसफसणारं चूर्ण, एवढ्यावर होणारा हा केक अनेकांना 'बिनतुपाचा, बिनसाखरेचा' वाटला. साध्या ग्लुकोज बिस्किटाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४५० कॅलरी असतात. तूप आणि साखर बिस्किटाच्या कारखान्यात आधीच पडलेली.

वऱ्हाडात घरी भाजायच्या पदार्थांचा खरा राजा मात्र यांपैकी कुणीच नाही. तो मान रोडग्याचा. एकनाथांच्या भारुडामुळे रोडग्याचं नाव महाराष्ट्रभर ठाऊक झालं, पण रोडग्यांचं जेवण अजून नेमाने होतं ते मुख्यतः विदर्भात. शेतात, देवाच्या ठिकाणी, नवस फेडताना. गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, तो निखाऱ्यावर आला की जाडसर कणकेचे, तेलाचं मोहन घातलेले गोळे त्यात पुरायचे. वरून राख, आतून वाफ. तासाभराने काढायचे, फडक्याने झटकायचे, फोडायचे आणि वर तुपाची धार. बाजूला वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण.

रोडग्याचा हिशेब केला तर चांगला धडा मिळतो. एक किलो कणीक, कोष्टकातल्या नेमक्या आकड्याने, ३,२००, शंभर ग्रॅम तेलाचं मोहन ९००, एकूण ४,१००. बारा रोडगे केले तर एकेक ३४०चा. आकडा मोठा दिसतो. पण एका रोडग्यात ऐंशीहून जास्त ग्रॅम कणीक आहे, म्हणजे दीड-दोन पोळ्यांचा तो ऐवज. साखर नाही, मैदा नाही. हा पदार्थ तसा सज्जन. त्याला बिघडवते ती तुपाची धार, कारण ती कुणीच मोजत नाही. पोह्याच्या चमच्यापेक्षा मोठा, पंधरा ग्रॅमचा एक चमचा तूप म्हणजे १३५ कॅलरी. यजमान ओतत असतो ते चमच्याने नव्हे, गडव्याने. 'घ्या, घ्या' म्हणत तीस ग्रॅम सहज जातं, आणि दोन रोडग्यांचं ताट वांग्याच्या भाजीच्या आधीच साडेनऊशेवर पोचतं. हे मोजायचं असेल तर युक्ती सोपी आहे. वाढायला घेतलेलं तुपाचं भांडं आधी तोलायचं, पंगत उठल्यावर पुन्हा तोलायचं, फरक माणसांवर भागायचा.

तळणीलाही हीच युक्ती लागू पडते, आणि भाजलेल्या-तळलेल्याचा वाद तिथेच मिटतो. तळलेल्या करंजीने किती तेल प्यायलं हे पाककृती वाचून कळत नाही. पारी किती घट्ट, तेल किती तापलेलं, यावर ते बदलतं. कढईतलं तेल आधी-नंतर तोलल्याशिवाय इलाज नसतो. भाजलेल्या पदार्थात असं गुपित राहत नाही, जे परातीत पडलं तेच पोटात. म्हणून भाजलेला पदार्थ मोजायला सोपा असतो. तो हलका असेलच असं मात्र नाही. नानकटाईत जेवढं तूप आधीच मुरवलेलं असतं, तेवढं तेल प्यायला पुरीला कढईत बराच वेळ बुडून राहावं लागेल.

अर्थात अ‍ॅटवॉटरच्या ४-९-४ला देवाची वाणी मानू नये. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवलं, की अख्खे बदाम चावून खाल्ले तर शरीराला जुन्या हिशेबाच्या सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जाच मिळते; उरलेली पेशींच्या भिंतीआड अडकून निघून जाते. बारीक दळलेल्या पिठाला ही सवलत नाही. मैदा आणि पिठीसाखर जवळजवळ पूर्ण पचतात, त्यामुळे नानकटाईचा आकडा बऱ्यापैकी भरवशाचा. पाच-दहा कॅलरींचा फरक पडला म्हणून कुणी झोप उडवून घेऊ नये. मोजण्याचा उपयोग ११३ की ११८ हे ठरवण्यासाठी नाही. तीन खाव्यात की सहा, एवढं कळलं तरी पुष्कळ.

चालून उतरवण्याचा हिशेबही लोक हमखास विचारतात. साठ किलोचा माणूस साध्या चालीने तासभर चालला तर सुमारे २१० कॅलरी खर्च होतात. पण तो तेवढा वेळ घरी बसून राहिला असता तरी साठेक गेल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई दीडशे, आणि एका नानकटाईचं मोल पाऊण तासाची पायपीट. बसस्टँडपासून देवळापर्यंतची फेरी दर्शनासाठी करावी. ताटली फेडण्यासाठी ती पुरायची नाही.

हे सगळं आता हौसेपुरतं राहिलेलं नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले: देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे दहा कोटी दहा लाख, आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले आणखी साडेतेरा कोटी. म्हणजे दिवाळीच्या जवळपास प्रत्येक बैठकीत ताटलीकडे बघून 'मला नको, शुगर आहे' म्हणणारं कुणीतरी असतं. त्यांच्यासाठी 'बिनसाखरेची नानकटाई' करायची पद्धत आता रूढ होते आहे. तिचाही हिशेब करून बघावा. घाण्यातून सहाशेच्या सहाशे ग्रॅम साखर काढली तरी पिठाचे ३,५०० आणि तुपाचे ५,४०० जागेवरच राहतात. तेवढेच शंभर गोळे पाडले तर नगामागे ८९. शिवाय मैदा पोटात गेल्यावर त्याची साखरच होते, आणि ती व्हायला फार वेळ लागत नाही. साखरेचं आकारमान गेलं म्हणून अनेकदा दुधाची पावडर किंवा खजूर घातला जातो. मग ८९चे पुन्हा शंभराच्या पुढे जातात.

'चालते' म्हणून दिलेली बिनसाखरेची नानकटाई घरातले आजोबा सहा खातात तेव्हा त्यांच्या पोटात साडेपाचशेच्या आसपास कॅलरी जातात. साखरेची एक खाल्ली असती तर ११३. डब्यात भरतानाच झाकणावर नगाचं वजन आणि कॅलरी पेनने लिहून ठेवली, तर डॉक्टरांनी 'काय काय खाल्लं?' असं विचारल्यावर 'थोडंसंच, घरचं' याऐवजी सांगायला नेमका आकडा असतो. औषधाचं प्रमाण ठरवताना डॉक्टरांच्या तो कामी येतो.